आतलं की बाहेरचं?

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नव्या पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार कॉट, एक पंखा, दोरीवर सगळ्यांचे टॉवेल एकमेकांना खेटून. दिवस अभ्यासिकेत जातो, दोन्ही वेळचं जेवण मेसला. अशा एखाद्या बाविशीच्या मुलाच्या अंगावर एकाएकी पुरळ उठतं, खाजेने झोप उडते, आणि तो माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा तीन-चार निदानं त्याच्याकडे आधीच तयार असतात. आई फोनवर म्हणालेली असते, मेसचं तेलकट खाऊन पित्त झालंय, आमसुलाचं पाणी पी. खोलीतल्या मित्राचं मत, जाग्रणाने उष्णता वाढली. मेडिकलवाल्याने अ‍ॅलर्जी म्हणून एक ट्यूब दिलेली. आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधता शोधता तो स्वतः एखाद्या असाध्य रोगापर्यंत जाऊन पोचलेला.

मी त्वचेचा डॉक्टर. ही निदानं ऐकताना मला हसू येत नाही, कारण वैद्यकातला एक फार जुना वाद त्यांत बसलेला आहे. अंगावर जे उमटलं, ते आतून वर आलं की बाहेरून येऊन चिकटलं?

आपला कल पहिल्यापासून ‘आतून’कडे. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. यातलं कुष्ठ म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे. दद्रू, पामा, विचर्चिका अशा त्वचेच्या नाना तक्रारी त्या एका छत्राखाली येतात. मूळ कारण मात्र आतलं: दोष बिघडतात, त्वचा-रक्त-मांस नासवतात. दुधाबरोबर मासे खाऊ नयेत हा इशाराही तिथलाच, आणि तो आजही घराघरांत पाळला जातो. खाज घालवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक स्वतंत्र गणच चरकाने दिला आहे, त्यात चंदन, बहावा, करंज, कडुलिंब आहेत. पण सुश्रुताने दुसरी वाटही नोंदवून ठेवली. एकत्र जेवणं, एका अंथरुणावर झोपणं, एका आसनावर बसणं, दुसऱ्याची वस्त्रं वापरणं यांतून कुष्ठासारखे विकार माणसाकडून माणसाकडे जातात, असं तो स्पष्ट सांगतो. कॉट बेसिसच्या खोलीचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. तरी लोकांच्या तोंडी राहिलं ते चरकाचं. रक्त शुद्ध करणाऱ्या बाटल्या अजून खपतात. अंथरूण कोणाचं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

यामागे सोय आहे, असं मला वाटतं. ‘पित्त झालं’ म्हटलं की दोष फार तर मेसच्या रश्शावर जातो. ‘कोणाकडून तरी आलं’ म्हटलं की खोलीतल्या तिघांकडे बघावं लागतं.

त्वचेची अडचण अशी, की ती सगळ्यांना दिसते. यकृताबद्दल शेजारी मत देत नाहीत, पुरळाबद्दल देतात. आणि दिसणं पुरेसं असतं तर माझी गरजच उरली नसती. त्वचेला करता येण्यासारख्या गोष्टी मोजक्या: लाल होणं, सुजणं, पुटकुळी धरणं, फोड येणं, कोंडा सुटणं, जाड होणं. लंडनच्या रॉबर्ट विलनने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांची मांडणी केली, ती अशा आठ मूळ रूपांवर. रूपं आठ, रोग शेकड्यांनी. म्हणजे एकाच दिसण्यामागे पाचपन्नास कारणं लपू शकतात, आणि एकट्या पुटकुळीकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी ती तोंड उघडत नाही.

म्हणून पुरळ कुठे आहे याच्याइतकंच ते कुठे नाही, हे मी बघतो. पाठीच्या वरच्या भागात, दोन फऱ्यांच्या मधे, एक जागा अशी आहे की तिथे स्वतःचा हात खालून पोचत नाही, वरूनही नाही. सबंध अंगावर ओरखडे, खपल्या, काळे डाग, आणि तेवढीच जागा फुलपाखराच्या आकाराची स्वच्छ असेल, तर त्या खुणा रोगाच्या नाहीत, नखांच्या आहेत. खाज आधी आली, पुरळ तिच्या मागून. अशा वेळी पुरळाचं निदान करण्यात अर्थ नसतो, खाजेचं करावं लागतं. चेहऱ्यावर पुरळ आहे पण हनुवटीखालचा आणि कानामागचा भाग मोकळा, तर ऊन संशयित. तिथेही पुरळ आहे आणि पापण्याही सुजल्यात, तर हवेतून येणारं काही. गाजरगवताने गेल्या शतकाच्या मध्यापासून पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांना हा धडा चांगलाच गिरवायला लावला. बेंबीखाली एकच चट्टा असला तर पट्ट्याचं बक्कल बघायचं, त्यातलं निकेल नडतं.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकाबाहेर शिकावी लागली. पुस्तकांतलं पुरळ लाल असतं, कारण चित्रं गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या अंगावर तो लाल रंग जांभळट, करडा, कधी नुसता काळसर दिसतो. कधी दिसतच नाही, बोटाला उष्ण आणि उंच लागतो. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने 2020 मध्ये सावळ्या-काळ्या त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली, तेव्हा तिची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे कोट्यवधी सावळी माणसं असून तशी पुस्तिका निघायला लंडन लागलं, याची मला जरा शरम वाटते.

आता त्या मुलाकडे येतो. खिडकीशी उभं करून मी त्याला शर्ट काढायला सांगतो, मग दोन्ही हात पुढे, बोटं फाकवून. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला तशाच, काखेच्या पुढच्या घडीत, बेंबीभोवती, कमरेच्या नाडीखाली. चेहरा साफ. खाज दिवसा सोसण्याजोगी, पांघरुणात शिरलं की असह्य. जांघेबद्दल तो आपणहून बोलत नाही. विचारलं की मान खाली घालून ‘हो’ म्हणतो. मग भिंग. मनगटाच्या घडीपाशी राखाडी, सुताएवढी बारीक, वाकडी रेघ दिसते, जेमतेम पाच मिलिमीटरची. तिच्यावर शाईच्या पेनाने ठिपका द्यायचा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायचा. आजूबाजूची शाई जाते, रेघेतली राहते. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात खणलेला तो बोगदा आहे. त्याच्या टोकाला, पुटकुळीपासून जरासा दूर, एक अंधूक ठिपका असतो. तो सुईने उचलून काचपट्टीवर ठेवला, की सूक्ष्मदर्शकाखाली आठ आखूड पायांचा, पारदर्शक, कासवासारख्या पाठीचा जीव दिसतो. लांबी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. खरूज.

पुटकुळीपासून दूर, हे मुद्दाम लिहिलं, कारण या अंतराने युरोपच्या वैद्यकाला दीडशे वर्षं हुलकावणी दिली. 1687 मध्ये इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जोव्हान्नी कोझिमो बोनोमो हा तरुण वैद्य आणि त्याचा औषधविक्रेता मित्र दियाचिंतो चेस्तोनी यांनी फ्रांचेस्को रेदी या नामवंत निसर्गाभ्यासकाला एक पत्र लिहिलं. गरीब बायका आपल्या खरजेने पिडलेल्या मुलांच्या अंगातून टाचणीने काही तरी उचलून काढतात आणि बंदरावरचे गुलाम एकमेकांना तशीच सेवा देतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ते ‘काही तरी’ भिंगाखाली घातलं, त्याचं चित्र काढलं, अंडं घालतानाही पाहिलं, आणि खरूज ही या जिवामुळेच होते असं लिहून टाकलं. डोळ्यांना धड न दिसणारा एखादा जीव एखाद्या रोगाचं कारण आहे, असा हा बहुधा पहिलाच पुरावा. पाश्चर अजून जवळजवळ दोन शतकं दूर होता. पण रोममधल्या बड्या वैद्यांना ते मानवलं नाही. खरूज रक्तातल्या दूषित रसांतून उपजते, हे ठरलेलं होतं. किडा फार तर नासलेल्या जागी नंतर येतो. बोनोमो गप्प झाला.

पुढची गंमत पॅरिसची. सँ-लुई रुग्णालयातल्या गालेसने 1812 मध्ये पुटकुळ्यांतून किडे काढून दाखवल्याचा दावा केला आणि वाहवा मिळवली. नंतर कोणालाच ते पुटकुळीत सापडेनात. सापडणार कसे? त्याने छापलेलं चित्र चीजमधल्या किड्याचं होतं, हे रास्पाई या शास्त्रज्ञाने 1829 मध्ये उघडं केलं, आणि मग खरजेचा किडा मुळी नसतोच, इथपर्यंत पंडितांची मजल गेली. अखेर 1834 मध्ये, त्याच रुग्णालयात, अलिबेर या प्राध्यापकाच्या वर्गात, रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सुई घेऊन सर्वांसमक्ष किडा काढून दाखवला. त्याचं शिक्षण कुठलं? लहानपणी गावातल्या बायकांना ते करताना त्याने पाहिलं होतं. प्राध्यापक शोधत होते पुटकुळीत, जिथे रोग दिसतो. बायका शोधत होत्या रेघेच्या टोकाला, जिथे तो राहतो. या गोष्टीत ‘लोकज्ञान थोर’ असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण रक्तदोषाची समजूतही लोकांचीच होती. पण ज्याला रोज उठून मुलाची खाज थांबवायची आहे, त्याची नजर सिद्धांत सांभाळणाऱ्याच्या नजरेहून वेगळ्या जागी पडते, एवढं नक्की.

मग ‘एकाएकी’ का? किडा तर फिरायला लागून महिना झाला असतो. हे कोडं सोडवलं केनेथ मेलनबी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शेफिल्डमध्ये. सैन्यात खरूज माजली होती आणि सरकार पांघरुणं निर्जंतुक करण्यावर इंधन जाळत होतं. युद्धाला तात्त्विक विरोध असलेल्या काही तरुणांनी बंदूक नाकारली, पण या प्रयोगाला स्वतःचं अंग दिलं. खरूज झालेल्या सैनिकांनी वापरलेल्या, न धुतलेल्या पांघरुणांत ते रात्रीच्या रात्री झोपले. खरूज जवळजवळ कोणालाच झाली नाही. ती होते प्रामुख्याने अंगाला अंग लागून, बराच वेळ. आणि ज्यांना झाली त्यांना पहिला महिनाभर काहीच कळलं नाही! किडे निवांत बोगदे खणत होते. मग एका रात्री खाज सुरू झाली, आणि ती किड्याच्या चालण्याची नव्हती. त्याची लाळ, विष्ठा, अंडी हे परकं आहे, हे शरीराच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला होता. बरे झालेल्यांना पुन्हा लागण केली, तर खाज एक-दोन दिवसांतच उठली; शरीराला आता ओळख होती. एका माणसाच्या सबंध अंगावर किडे असतात तरी किती? साधारण दहा-पंधरा. एवढ्याशांनी एवढा थयथयाट होत नाही. तो आपला आपणच करतो.

म्हणजे आतून की बाहेरून, या प्रश्नाचं खरजेपुरतं उत्तर दोन्हीकडचं आहे. पाहुणा बाहेरचा, भांडण आतलं. आणि म्हणून त्या मुलाला ‘काल काय खाल्लंस?’ हे विचारणं व्यर्थ. विचारायचं ते महिन्या-दीड महिन्यापूर्वीचं: गावी गेला होतास का? लग्न होतं का? चुलतभावांबरोबर गच्चीवर एका गादीत झोपलास का? खोलीत नवा कोण आला? त्याचा चेहरा बदलतो. नवा आलेला आहे, आणि तो रात्री खाजवतो, हे त्याला ठाऊक असतं. त्याने दोन गोष्टी जोडलेल्या नसतात.

अंगावर गांधी उठतात तेव्हा हाच खेळ उलटा होतो. मधमाशी चावल्यासारख्या उंच, फिकट, कडेने लाल चकंदळ्या अंगभर फुटतात, तासा-दोन तासांत सरकतात, मिटतात, दुसरीकडे येतात. एकीभोवती पेनाने गोल काढून ठेवायचा. उद्या त्या जागी काही नसेल, तर त्या गांधीच. इथे सगळे बाहेरचा चोर शोधतात: वांगं, अंडं, तूरडाळ, साबण. कधी तो असतोही. नुकतीच घेतलेली वेदनाशामक गोळी हा माझा पहिला संशय, नाहीतर आठवड्यापूर्वीची सर्दी. पण अनेकदा काहीच सापडत नाही, आणि सहा आठवड्यांपलीकडे चाललेल्या गांधींत तर पुष्कळदा शरीरच स्वतःच्या पेशींना चिथावत असतं. अशा वेळी दीडदोनशे पदार्थांची महागडी अ‍ॅलर्जी टेस्ट करून आणलेली मुलं मी बघतो. अहवालात निम्मं स्वयंपाकघर लाल अक्षरांत असतं, आणि मुलगा महिनाभर ताक-भातावर. गांधी उठायच्या त्या उठतातच. आईचं ‘पित्त’ इथे खोलीतल्या सगळ्यांपेक्षा सत्याच्या जवळ असतं, भले तिचा आमसुलावरचा भरवसा मला पुरता पटत नसेल.

आणि मग ट्यूब. गजकर्ण ओळखायला सोपं होतं: गोल कड, मधे बरं होत आलेलं. त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत जाते, कड पुसट होते, आणि बुरशी खाली मजेत पसरते. असं वेषांतर केलेल्या गजकर्णाला 1968 पासून पाठ्यपुस्तकात स्वतंत्र नाव आहे. आता तर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी, भारताच्या नावाने ओळखली जाणारी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ बुरशी परदेशांतल्या दवाखान्यांतही सापडते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम 2018 मध्ये कडक झाला. मिळतात. ट्यूब रोग बरा करत नाही एवढंच माझं दुःख नाही. ती पुरावा पुसते. खरजेवरही तीच लावलेली असते, आणि मग माझ्याकडे येतं ते पुरळ कशासारखंच दिसत नाही.

याच वयात आणखी एक पाहुणा येतो: पोटावर किंवा छातीवर आधी एकच अंडाकृती मोठा चट्टा, आठवड्या-दोन आठवड्यांनी पाठभर लहान-लहान, बरगड्यांच्या रेघेत आखल्यासारखे. सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जातो. तळहात-तळपाय बघून घ्यायचे, कारण तिथेही डाग असतील तर सिफिलिसची रक्ततपासणी करायलाच हवी. ती करून झाल्यावर काही न देण्याची फी घ्यायला मात्र धीर लागतो.

ज्यात थांबायचं नसतं ते थोडकं आहे. ओठ-जीभ सुजणं, घशाशी आवळणं, दम लागणं. नव्या औषधानंतर ताप, तोंडात व्रण, कातडी सोलणं. आणि काचेच्या पेल्याने दाबूनही न विरणारे जांभळे ठिपके. यांतलं काहीही असलं तर माझ्याकडे नाही, सरळ इस्पितळात.

खरजेचं नाव घेतलं की मुलगा दुखावतो. ‘सर, मी दोन वेळा अंघोळ करतो.’ करतो, मला दिसतंय. स्वच्छ अंगावर बोगदे कमी सापडतात, म्हणून तर निदान लांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं, आणि दुर्लक्ष करणाऱ्यांत पहिले आपण, कारण हे नाव आपण भिकाऱ्याला आणि कुत्र्याला देऊन ठेवलंय. उपचार सोपा आहे: पर्मेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा. अवघड अट एकच. खोलीतल्या चौघांनी, एकाच रात्री, खाज असो वा नसो. एकाने लावायचं आणि तिघांपासून लपवायचं, असं केलं की महिन्याने तोच मुलगा तीच बोटं फाकवून माझ्यासमोर. म्हणून चिठ्ठीवर मी चार ट्यूब लिहितो आणि तो कसं सांगेल याची वाक्यंही त्याला जुळवून देतो. ‘डॉक्टर म्हणाले, खोलीत कीड आहे’ हे चालतं. खोलीत म्हटलं की कोणाच्या अंगावर बोट जात नाही, आणि खोलीमालकाला शिव्या घालायची सोयही होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. किडे पहिल्या रात्रीत मरतात, खाज मरत नाही. मेलेल्यांच्या अवशेषांशी शरीर आणखी दोन ते चार आठवडे भांडत राहतं. हे सांगितलं नाही तर मुलं घाबरून मलम रोज चोपडतात, कातडी भाजून घेतात आणि नवं पुरळ घेऊन येतात. म्हणून चिठ्ठीच्या मागे मी चार आठवड्यांनंतरची तारीख घालून देतो. त्या तारखेच्या आत खाजलं तर रात्री सेट्रिझिनची गोळी आणि अंगाला खोबरेल. त्यानंतरही खाजत राहिलं किंवा नव्या रेघा दिसल्या तर परत यायचं, आणि येताना त्या नव्या आलेल्यालाही घेऊन यायचं.